दुधाचं वजन

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत आणि भावोजींचा गुडघा एव्हाना जिने चढू लागला असेल, असं धरून चालतो. (चढत नसेल तर राहू दे त्यांना खालीच, घाई नको.) तुझी भाची आज अकरा दिवसांची झाली. नाक आपल्याकडचं आहे, आवाज माझ्या सासूबाईंचा.

फोनवर तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल, म्हणून खरी हकीकत लिहितो. वीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. तेव्हा बाळाला अंगावरचं दूध पुरतं की नाही असा प्रश्न घरात निघाल्यावर बाकीच्यांनी तर्क लढवायचे आणि मी गप्प बसायचं, हे शक्यच नव्हतं. निमित्त असं की तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना तिचं वजन जन्मापेक्षा दीडशे ग्रॅमने कमी भरलं. (पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, हे मला मागाहून कळलं. मला सगळं मागाहूनच कळतं.) मी लगेच दुकानातला ग्रॅमपर्यंत चोख दाखवणारा काटा घरी आणला, जेवणाच्या टेबलावर पाणसळीने पातळी बघून बसवला, वर दुपटं अंथरलं आणि फर्मान काढलं: पाजण्याआधी एकदा तोलायचं, पाजून झालं की पुन्हा. मधला फरक म्हणजे दूध. इतका सोपा हिशोब जगाला आजवर कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटलं.

पहिल्याच वेळी फरक निघाला उणे वीस ग्रॅम. म्हणजे पोरगी अर्धा तास पिऊन हलकी झाली होती! दुसऱ्यांदा शून्य, तिसऱ्यांदा उणे बारा. काटा तपासला, तर काटा चोख. मग मी आकडे मोठ्याने वाचून निकाल दिला की दूध कमी पडतंय. सासूबाईंनी तत्काळ पावडरच्या डब्याचं नाव काढलं (त्या टपूनच बसल्या होत्या) आणि तुझी भावजय भिंतीकडे तोंड करून रडली. आठवडाभर हेच चाललं. ती पाजायची, मी तोलायचो, सासूबाई उसासे टाकायच्या. आपण बापाचं कर्तव्य चोख बजावतोय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

काल डबा आणायला मी चपला घालतोय, तोच दवाखान्यातल्या नर्सबाई तपासणीला दारात हजर. काट्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पाजताना समोर बसून नुसतं बघत राहिल्या. मलाही कान द्यायला लावला. दोन-तीनदा ओढलं की एक घोट, अगदी बारीक आवाज, पण येतो! मग पोरगी आपण होऊन सुटली, मुठी सैल सोडून आडवी झाली. बाईंनी विचारलं, लंगोट कोण धुतं? मी छाती फुगवून सांगितलं, मीच. ओले किती निघतात दिवसाला? म्हटलं, आठ-नऊ, वर तीन-चार पिवळे, दोरीवर जागा पुरत नाही.

"मग दादा, हे सगळं येतं कुठून?"

ताई, मी दोरीकडे बघतच राहिलो. पुरावा मी रोज स्वतःच्या हाताने पिळत होतो. वर बाईंनी विचारलं, पाजताना मध्येच लंगोट बदलता का? आणि सगळा उलगडा झाला. पोरगी पिता पिता झोपते, तिला जागं करायला तुझी भावजय मध्येच ओला लंगोट काढून कोरडा बांधते. म्हणजे मी आधी ओल्यासकट तोलत होतो आणि नंतर कोरड्यासकट. भांड्याचं वजन आधी वजा करावं, हे मी दुकानात गिऱ्हाइकांना शिकवतो! बाईंनी पोरीला उघडी करून माझ्याच काट्यावर ठेवली. जन्माच्या वजनाहून चाळीस ग्रॅम वर. (फरकाच्या नादात मूळ आकडा मी कधी पाहिलाच नव्हता.)

तर काळजीचं काही कारण नाही. एकंदर प्रकरण मी उत्तम हाताळलं. काटा दुकानात परत गेला आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. डबा आणला नाही. सासूबाई रुसल्या आहेत, पण जेवतात.

आणखी ता. क. खरं काम हे. पाजून झालं की तुझी भावजय अजून माझ्या तोंडाकडे बघते, आकडा ऐकायला. मला फार वाईट वाटतं गं. माफी मागायला जातो आणि तोंडातून ग्रॅमच निघतात. तू तिला फोन कर. सांग की तिचं दूध पुरतच होतं, चुकला तो तुझा भाऊ. लहानपणापासून माझ्या चुका तू न विचारता गावभर सांगत आलीस. ही एक माझ्या विनंतीवरून सांग.