दोनदा धुतलेला पंप

मंगळवार, संध्याकाळ. मे महिना अर्धा सरला.

वांग्याचे शेंडे आजही वाकडेच. पानं अशी मुरगळली, जशी कोणी मुठीत चुरगळून सोडली. मागच्या अंगणात बारा झाडं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालून जगवली, तेही या उन्हात.

सुनंदा, माही लहानी जाऊ, शेजारीच राहते. मागच्या आठवड्यात आमचा फवारणीचा पंप वावरात घेऊन गेलती, धुऱ्यावरच्या गवतावर तणनाशक मारायले. परत आणला तेव्हा मी विचारलं, "धुतला का?"

"दोनदा धुतला, ताई."

मी त्यातच निंबोळीचं पाणी भरून वांग्यावर मारलं. चौथ्या दिवशी शेंडे वाकडे. तिले दाखवलं तर म्हणते, "उन्हानं झालं, ताई." ऊन काय माह्याच वांग्यावर पडते? तिचा दोडका कसा हिरवागार आहे मग?

का मीच पंपाचा वास घेऊन पाहायले पाहिजे होता, तणनाशक राहिलं का म्हणून? नाही. कायले? तिनं सांगितलं होतं ना, दोनदा.

आज तीच पंप मागायले आली, दोडक्यावर मावा पडला म्हणून. मी मुद्दाम म्हटलं, "घेऊन जा. दोनदा धुतला आहे."

ती माह्याच नळाखाली बसली, सोडा टाकला, नळी अन् नोझल खोलून पंप तीनदा खंगाळला.

म्हणजे पंप कसा धुवावा लागते, हे तिले ठाऊक होतं. माह्या वांग्याच्या वेळेसच नव्हतं.