लोडरच्या तेलातली धूळ

४ फेब्रुवारी
बाबा खाणीवर चालवतात त्या लोडरचं, इंजिनाखालचं ऑइल चेंबर आज मी एकटीने बसवलं. गळती बंद — एक थेंब नाही. फटी बुजवायच्या सीलंटची जवळजवळ अख्खी ट्यूब संपवली. बाबा शेजारी उभे. "एवढं थापतेस? केक करतेयस का?" गळलं तर शिव्या मीच खाणार, मग थापणारही मीच. नवीन तेल भरून लोडर त्यांच्या ताब्यात दिला.

२० फेब्रुवारी
लोडरच्या गरम तेलाची बाटली भरून तपासणीला पाठवली. खाणीवरच्या सगळ्या इंजिनांचं तेल आता मी बघते, हे बाबांना अजून पचत नाही. "आल्या डॉक्टरीणबाई, रक्त काढायला." काढणारच. माणसं थापा मारतात, तेल मारत नाही.

२४ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. सिलिकॉन बासष्ट! मागच्या वेळी आठ होतं. सिलिकॉन म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे एअर फिल्टरकडे दुर्लक्ष. पुढचं वाचायची गरजच नाही. असंच चाललं तर इंजिनाची वाट लागेल. साहेबांना तसं लेखी दिलं.
"चालवतं कोण?" त्यांना माहीत होतं. तरी मी सांगितलं. कामात बाप-लेक नाही.

२५ फेब्रुवारी
बाबांना लोडरवरून उतरवलं. आता गेटवर, गाड्यांचे नंबर लिहायला. साहेब म्हणाले, पुढच्या रिपोर्टला आकडा पुन्हा आठवर आला तर दोष बाबांचाच, मग गेट कायमचं. सव्वीस वर्षं त्या सीटवर बसलेला माणूस. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण बरोबर ते बरोबर.
फिल्टर काढून पाहिला — स्वच्छ. कुणकुण लागली असणार, म्हणून आयत्या वेळी झटकला असेल. तेल बदललं, नवा फिल्टर घातला. आता रोज सकाळी मीच बघणार.

१ मार्च
आई म्हणाली, "जेवायला तूच बोलाव त्यांना." बोलावलं. आले, जेवले, उठले.

१८ मार्च
सिलिकॉन एक्केचाळीस.
कसं शक्य आहे? फिल्टर नवा, रोज मी बघतेय. मग पहिल्यांदाच खालच्या ओळी वाचल्या. ॲल्युमिनियम तीन. लोखंड नेहमीइतकंच. आमच्या खाणीच्या धुळीत ॲल्युमिनियम असतंच. धूळ आत गेली असती तर तेही चढलं असतं, आणि इंजिन घासून लोखंडही. फेब्रुवारीचा रिपोर्ट काढला. तिथेही हेच!
खणातून सीलंटची ती ट्यूब काढली. बाजूला छापलंय — सिलिकॉन. मी थापलेला जादा लेप चेंबरच्या आत दाबला गेला आणि तो तेलात उतरतोय. इंजिन ठणठणीत आहे. बाबांचा फिल्टरही रोज स्वच्छच असणार. लाज वाटतेय मला.

१९ मार्च
चूक माझी, असं साहेबांना लेखी दिलं. त्यांनी लोडरची किल्ली माझ्याच हातावर ठेवली. "तूच दे."
गेटवर गेले, सगळं सांगितलं. बाबांनी किल्ली घेतली नाही. "सीलंटचं काय, कुणाच्याही हातून होतं. पण तू तेल तपासलंस, साहेबांना कळवलंस. मला विचारलंस?"
तिथेच उभी राहून विचारलं, "बाबा, फिल्टर रोज साफ करता?"
"करतो."
मग त्यांनी किल्ली घेतली आणि लोडरकडे निघाले.