बॉल बाहेर होता

५ मार्च, बुधवार. जळकोट
आजपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. चर्चच्या मंडळीतले बाकीचे मटण सोडतात. मी राग सोडला. मटण सोडायला काय लागतं? शिवाय बायकोनं कालच अर्धा किलो आणून ठेवलंय, वाया घालवणं पापच.

पाळक रविकांत यांनी बोलावून घेतलं. गेल्या ईस्टरच्या स्पर्धेत मी अंपायरच्या चष्म्याबद्दल आणि मग आईबद्दल जे बोललो, ते अजून चर्चमध्ये निघतंय म्हणाले. यंदा काही वावगं झालं तर मुलींच्या व्हॉलीबॉल टीमची शिट्टी पुनमबाईंकडे. पुनमबाई संडे स्कूल घेतात. बॉल आला की बाजूला होतात. मी हसून हाव, कबूल म्हटलं. पंक्चरच्या टपरीपासून दोन टायर दुकानांपर्यंत आलेला माणूस मी, दहावी नापास असून गाव सर म्हणतं. मला चारित्र्य शिकवणार.

९ मार्च, रविवार
नवी वही घातली. प्रत्येक मुलीला दर आठवड्याला चारित्र्याचे दहापैकी गुण. चूक स्वतःहून कबूल केली की दोन जादा. शेवटच्या ओळीत ‘कोच’. कोचलाही गुण पाहिजेत, नाहीतर पोरींवर अन्याय. मला दहा.

सरावाआधी प्रार्थना सुरू केली. ऋतुजा आपल्या मंडळीतली नाही, शेतकऱ्याची पोर, पण स्मॅश तिचाच. ती एक डोळा मिटते, दुसऱ्यानं चपला राखते. तिला नऊ. सावधपणा हाही गुणच.

१९ मार्च
कबुलीचा जोर लई वाढला. बॉल बोटाला लागला, कोपर नेटला लागलं, घरची बिस्किटं चोरून खाल्ली, सगळं सांगून राहिल्या. एका सेटला पाऊण तास. कॅप्टन ज्योत्स्ना सगळ्यांत पुढं. आज सगळ्यांसमोर म्हणाली, सर, तुम्ही पप्पांना नवा म्हणून दिलेला टायर जुनाच होता, वरून रबर चढवलेला. सांगितलं, बाळा, कबुली स्वतःची द्यायची असते, दुसऱ्याची नाही. तिचा एक गुण कापला. मला दहा.

३० मार्च, रविवार
माझे कान तिखट. खिडकीपलीकडं पाळक म्हणत होते, माणूस सुधारलाय वाटतं. पुनमबाई म्हणाल्या, मॅच होऊ द्या. संडे स्कूल घेऊनही बाईंचा विश्वास कमी.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
स्टँडवर शिरूर अनंतपाळचे कोच गुरुबसप्पा भेटले. ईस्टर स्पर्धेचं शील्ड तीन वर्षं त्यांच्याच कपाटात. म्हणाले, काय अमृतराव, यंदा पोरींना भजन शिकवलंय म्हणे. म्हटलं, खेळ पण. म्हणाले, मग गाऊनच जिंका. मी अजिबात रागावलो नाही. घरी येऊन फक्त स्टुलाला लाथ घातली. स्टूल मोडकंच होतं.

२१ एप्रिल, सोमवार, सकाळी
फायनल. समोर गुरुबसप्पा. नवा काळा ट्रॅकसूट घातला, छातीवर ‘कोच’ लिहून घेतलंय. ऊन एकेचाळीस, पण शिस्त म्हणजे शिस्त. लाइनमन कमी आहेत, दोन्ही टीमनं एकेक माणूस द्यायचं ठरलं. प्रामाणिक माणूस पाहिजे होता, म्हणून मीच झेंडा घेतला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
नीट लिहून ठेवतो, उद्या लोक काहीही सांगतील.

तिसरा सेट. चौदा-तेरा, मॅच पॉइंट त्यांचा. त्यांच्या पोरीनं स्मॅश मारला, बॉल माझ्या पुढ्यात मागच्या रेषेवर पडला. म्हणजे रेषेजवळ. मी झेंडा वर केला, आउट. कानाला आवाजच बाहेरचा आला.

गुरुबसप्पा ओरडले, रेषेची फक्की उडाली की, बॉलवर पांढरं लागलं असेल, बघा. अंपायर माझ्याकडं यायला लागला. बॉल घरंगळत माझ्याच पायाशी आला होता. मी प्रेमानं उचलून छातीशी धरला. जरा जोरात धरला असेल. अंपायरला दिला तेव्हा बॉल स्वच्छ होता.

तेवढ्यात ज्योत्स्नानं हात वर केला. म्हणाली, सर, बॉल आत होता. मग ऋतुजा म्हणाली, आत होता. मग सहाही जणी. मी वाट बघत होतो की निदान एकीला तरी दिसलं नसेल.

हरलो. मी एक शब्दही बोललो नाही. पाळकांनी हे लक्षात घ्यावं. मला नऊ. एक नम्रतेसाठी कापला.

२२ एप्रिल
खिलाडूवृत्तीचं शील्ड आम्हाला मिळालं. ग्रुपवर फोटो आलाय. पुढं पोरी, मागं मी, शील्ड उंच धरलेलं. काळ्या ट्रॅकसूटवर ‘कोच’च्या बरोबर मधोमध फक्कीचा पांढरा गोल, बॉलएवढा. पाळक फोटोची फ्रेम करून चर्चच्या दारात लावणार आहेत. म्हटलं, थोडा कापून लावा. म्हणाले, कशाला, सगळं नीट दिसतंय.

२७ एप्रिल, रविवार
शिट्टी पुनमबाईंच्या गळ्यात. वहीही मागितली त्यांनी. दिली, शेवटची ओळ फाडून.

मला मैदान आखायचं काम दिलंय. सकाळी सहापासून फक्कीची बादली घेऊन वाकलोय. ज्योत्स्ना दोरी धरून होती. निम्मी रेषा झाली. मग हळूच म्हणाली, सर, रेषा वाकडी चाललीय.

मागं वळून पाहिलं. म्हटलं, हाव.