नावाला कंस

४ नोव्हेंबर २०२५, नांदे
आलो बुवा एकदाचा! बावधनच्या फ्लॅटात तृप्तीचा मिक्सर आणि सोनूचा दंगा, डोकंच चालेना. म्हणून महिन्याची रजा टाकून गेणबांच्या माडीवरची खोली घेतली. खाली भाताची कापणी चाललीय, पलीकडे टॉवरच्या क्रेन. काम एकच. मी शाळेत असताना हातात धरून ज्या यंत्रावर गेम खेळायचो, त्याची हुबेहूब नक्कल लॅपटॉपवर चालवायची, म्हणजे एम्युलेटर. पप्पाचा गेम बघायचाय म्हणून सोनूने सहा महिने जीव खाल्लाय.

६ नोव्हेंबर
कोड कुठल्या भाषेत लिहायचा, सी की रस्ट, यावर दोन दिवस स्वतःशीच भांडलो. सी मोकाट सोडते. एकाच गोष्टीवर चौघे हात ठेवतात, मग बसा बोंबलत. रस्टमध्ये गोष्टीला मालक एकच, दुसऱ्याला दिली की पहिल्याचा हक्क संपला. रस्टच घेतली. गेणबांना सांगितलं तर म्हणाले, ह्यो तर आमचा सातबारा झाला की, नवं नाव चढलं की जुन्याला कंस! लई हसलो. मालकांच्या यादीला कोडमध्ये ‘सातबारा’च नाव दिलं आणि पहिला मालक टाकला, प्रदीप. म्हणजे मीच.

११ नोव्हेंबर
चालला! पडद्यावर एक दार, दारात ठिपक्याठिपक्यांचा माणूस. गेमने खेळाडूचं नाव विचारलं. शहाणपणा करून सातबाऱ्यातलंच नाव त्या माणसाला देऊन टाकलं. तो वळून माझ्याकडे बघायला लागला. मूळ गेममध्ये असं नव्हतं. माझीच काहीतरी चूक असणार.

१४ नोव्हेंबर
सातबाऱ्यात माझं नाव कंसात गेलंय. मी नाही केलं, आईशप्पथ. त्या माणसाला आता माझ्यासारखा चष्मा आहे. गेणबांची बायको चंद्राबाई दुपारी जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि विचारलं, तुमी कोन, हितलं प्रदीप कुटं गेलं. चेष्टा वाटली. पण डबा परत नेला त्यांनी.

१७ नोव्हेंबर
पडद्यावरचं दार उघडं. माणूस नाही.
तृप्तीला फोन केला. म्हणाली, कोण हवंय, प्रदीप सोनूचा अभ्यास घेतोय. मागून माझाच आवाज पाढे म्हणत होता. सोनू हसत होती.

१८ नोव्हेंबर
बावधनला गेलो. दार त्याने उघडलं. माझा चष्मा, माझा निळा शर्ट. सोनू त्याच्या पायांमागे लपली. माझी पोर मला घाबरली! वॉचमनने दंडाला धरून बाहेर काढलं.

२१ नोव्हेंबर
सगळं परत सीमध्ये लिहितोय. दोघांचे हात राहू देत. अर्धी तरी सोनू — अर्धा दिवस तरी — पण सी प्रत्येक गोष्टीचा मेमरीतल्या जागेचा पत्ता मागते. माझा पत्ता सगळीकडे शून्य येतो, म्हणजे मी कुठेच नाही.

२४ नोव्हेंबर
गेणबा खोली बघायला आले. रिकामी हाय म्हणाले. मी समोर बसलेलो — ओरडलो — बाहेरून कुलूप लावून गेले. सोनूचा डावा गालच आठवतो. उजवा —

२५
फोन लागला. तिनेच उचलला. कोण बोलतंय विचारलं. म्हणालो, बाळा, ठेवू नकोस. मी तुझा — मी तुझा