नॉब काढायचा की नाही

११ जानेवारी, रविवार

चंदीगढचं धुकं. श्रीच्या नव्या गाडीतून पहिल्यांदा तिघं बाहेर पडलो. गाडीत एकही बटण नाही, सगळं स्क्रीनवर. काचेवरची वाफ घालवायला श्री स्क्रीनमध्ये पंख्याचं चित्र शोधत राहिला, तेवढ्यात वळायचा चौक निघून गेला. पुन्हा एक गोल फेरी. ईरा मागून, "पापा, सेकंड राउंड फ्री है क्या?"

जुन्या गाडीत गिअरच्या वर एक नॉब होता. उजवीकडे पुरता फिरवला की गरम हवा. आज माझा हात आपसूक तिथे गेला आणि स्क्रीनवर आपटला. श्री हसला. म्हणाला, "तुझी नोकरीच आहे ही, आणि तुलाच जमत नाही?"

नोकरीच आहे, यंत्र माणसाच्या हाताला जमतं का ते तपासायची. म्हणून तर दिवसभर डोक्यातून गेलं नाही. बॉसना, सूद साहेबांना, २ फेब्रुवारीला नव्या यंत्रावर माझी सही हवी आहे.

१२ जानेवारी, सोमवार

ऑफिसात हरप्रीतने नवा पंप दाखवला. पेशंटच्या शिरेत औषध थेंबाथेंबाने ठरल्या वेगाने सोडणारं यंत्र. पहिलं मॉडेल मी विशीत असताना आम्ही चौघांनी केलं. त्याचा वेग ठरवायला पुढच्या बाजूला एक गोल नॉब आहे, एकेक टिक् करत फिरणारा. नव्या मॉडेलमध्ये नॉब नाही. हरप्रीतची स्क्रीन आहे, आणि सुंदर आहे. खरंच सुंदर आहे, हे लिहून ठेवते.

नॉब गेल्याने पेशंटचा धोका वाढत नाही, अशी सही मला करायची आहे. खाली एकटीचं नाव.

हरप्रीत म्हणाली, "मॅम, आप बस एक बार बोल दो कि नॉब की याद आती है. मैं बुरा नहीं मानूँगी."

हसले. पण प्रश्न बरोबर आहे. मला धोका दिसतोय, की माझी जुनी वस्तू जातेय म्हणून दिसतोय? दोन्ही एकदम असू शकतं का? असलं तर वेगळं कसं करायचं?

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गुळाचा पाक करताना नॉब फिरवून गॅस बारीक केला आणि हसूच आलं.

आठवली ती विशीतली सेक्टर २१ मधली बरसाती. गच्चीवरची एक खोली, बाहेर मोरी, उन्हाळ्यात भट्टी. खाली घरमालकीण बीजी. तेव्हा पंपाचा नॉब काही केल्या जमत नव्हता. एक हलका, एक घट्ट, एक दोन टिक्‌ एकदम घेणारा. एका संध्याकाळी चहा करताना लक्षात आलं की शेगडीच्या नॉबचा अडकाव अगदी हवा तसा आहे. स्क्रूड्रायव्हर घेऊन शेगडी उघडली. बीजी वर आल्या तेव्हा शेगडी जमिनीवर उताणी.

"नी कुड़िए, एह की कीता? रोटी कित्थे पकाएँगी?"

मग आठवडाभर मी त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवले. पंपाच्या नॉबमधली स्प्रिंग शेवटी त्याच मापाची बसली. चौघांपैकी कोणालाही विचारा, हीच गोष्ट सांगेल. तिघं आता देशाबाहेर. राहिले मीच, आणि तो नॉब.

ईराला तिळगूळ देताना ही गोष्ट सांगितली. "मम्मा, ये वाली आप हर साल सुनाते हो."

१८ जानेवारी, रविवार

घरी हळदीकुंकू. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या पंधराएक जणी. त्यातल्या कितीतरी जणी नर्स, बऱ्याच सेक्टर ३२ च्या सरकारी हॉस्पिटलातल्या. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या दिल्या. बोलता बोलता पंपाचं निघालं. मी विचारलं, मंगळवारी ऑफिसला याल का तासभर? दोन्ही मशीन वापरून बघा, मला मदत होईल. सगळ्या तयार. अमरावतीच्या वैशालीताई तर म्हणाल्या, "डबा घेऊन येतो आम्ही, ट्रिपच काढू पंचकुल्याची."

किती सहज जमलं.

२० जानेवारी, मंगळवार

चाचणी झाली. स्टोअरचे ठाकूरजी पेशंट. पांघरूण घेऊन पडले आणि दुसऱ्या सिस्टर येईपर्यंत घोरायलाच लागले. आठ जणी आल्या, मेथीचे पराठे घेऊन. प्रत्येकीने दोन्ही मशीनवर वेग बदलला, थांबवलं, सुरू केलं.

सगळ्यांना नॉब आवडला. एकजात सगळ्यांना. "नॉबच बरा बाई." "हाताला कळतं." "तुमचं मशीन ते तुमचं मशीन."

हरप्रीतचा चेहरा उतरला. मी तिला चहा दिला आणि मनातून फार खूष होते. परत येताना गाडीत गुणगुणत होते.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळीच वैशालीताईंचा फोन. भलत्याच कामासाठी, मंडळाच्या वर्गणीच्या. मी आभार मानले, तर त्या खळखळून हसल्या.

"अहो, तुमच्या घरचं वाण घेऊन तुमच्याच मशीनले नावं ठेवाची का मॅडम? आमच्या वार्डात तो नॉब घासून गुळगुळीत झालाय, बोट सटकते. स्क्रीन चांगली आहे ती. पण त्या पोरीसमोर तुमची लाज कशी काढाची?"

फोन ठेवला. संक्रांतीत घरी बोलावलेल्या बायकांकडून मी खरं उत्तर मागत होते. हळदीकुंकवाला कोण कडू बोलेल? आणि शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही, कारण उत्तर हवं तेच आलं होतं.

हरप्रीतला सगळं सांगितलं. अगदी गाळण्यांसकट. ती आधी चिडली, मग हसून हसून डोळे पुसले. "मॅम, छलनी देके टेस्ट पास कराया आपने?"

ठरलं, पुढची चाचणी तीच लावणार. माणसं तिची. मी खोलीतही थांबणार नाही.

२८ जानेवारी, बुधवार

हरप्रीतची चाचणी. नुकत्याच नर्सिंग शिकून बाहेर पडलेल्या मुली, कुठल्याही पंपाची सवय नसलेल्या, मला न ओळखणाऱ्या. मी कँटीनमध्ये. बाहेर ऊन पडलं होतं, जानेवारीतलं ते चंदीगढचं ऊन, ज्यात सगळं ऑफिस गवतावर येऊन संत्री सोलतं. पूर्वी आम्ही चौघं तिथेच बसून सर्किटं काढायचो. आता प्रत्येकाच्या हातात फोन, आणि माझ्याही.

निकाल: स्क्रीन स्पष्ट पुढे. चुका कमी, वेळ कमी. हरप्रीतने कागद माझ्यापुढे ठेवला.

२९ जानेवारी, गुरुवार

सही करायची ठरवली.

त्याआधी स्टोअरमध्ये गेले. ठाकूरजींनी पहिला नमुना काढून दिला, पिवळा पडलेला. नॉब फिरवला. टिक्, टिक्. डोळे मिटून फिरवला. ईरा तीन वर्षांची असताना हा नमुना घरी होता. सोफ्यावर बसून फिरवत राहायची आणि प्रत्येक टिक्‌ला एक मराठी आकडा म्हणायची. सतरापर्यंत यायचे. त्यानंतर सगळे "अठरा". आता सतरा म्हणजे किती ते तरी तिला आठवतं का, विचारायला हवं.

ठीक आहे. वस्तू जातात. ही काही धोक्याची गोष्ट नव्हे. उद्या सही.

३० जानेवारी, शुक्रवार

नाही केली.

सही करण्याआधी हरप्रीतच्या चाचणीचं रेकॉर्डिंग नीट बघायचं म्हणून लावलं. निव्वळ नियम म्हणून. कॅमेरा आम्ही नेहमी लावतो तसा, नर्सच्या हातांवर. चेहरे दिसत नाहीत, पेशंट दिसत नाही. नुसते हात बघून कंटाळले आणि चष्मा पुसता पुसता आवाज ऐकत राहिले.

नॉबच्या वेळी मुली बोलतायत. "अंकल जी, हाथ सीधा रखो." "बस हो गया." "ठंड तो नहीं लग रही?" ठाकूरजी हूं हूं करतात.

स्क्रीनच्या वेळी शांतता. काम संपलं की मग बोलतात.

सगळ्याच नाही. पण बऱ्याच. पुन्हा ऐकलं. तेच.

नॉब हाताने फिरतो, डोळे पेशंटकडे राहू शकतात. स्क्रीन डोळे मागते. श्रीसारखं, चौक निघून जातो. आणि पेशंटचा चेहरा पांढरा पडतोय हे पहिल्यांदा कोणाला दिसणार? आम्ही वेळ मोजली, चुका मोजल्या. नजर कुठे होती ते मोजलंच नाही, कारण आम्ही यंत्रवाले, हात सोडून काही बघतच नाही.

की मी पुन्हा मला हवं तेच शोधून काढलं? गाळण्या देऊन झाल्या, आता कान लावून.

हरप्रीतला ऐकवलं. तिने हेडफोन काढून ठेवले. "नई चीज़ है मॅम, इसलिए चुप हैं. महीने भर में बोलने लगेंगी." शक्य आहे. मग म्हणाली, "पर पक्का मुझे भी नहीं पता."

३१ जानेवारी, शनिवार

सूद साहेबांकडे. माणूस वाईट नाही. शांतपणे ऐकलं.

"मेधा जी, गप्पें किस स्टँडर्ड में लिखी हैं?"

म्हटलं, गप्पा नव्हेत, लक्ष.

"ध्यान नापने का मीटर है आपके पास?"

नाही.

"तो सोमवार चार बजे. हाँ या ना, जो भी लिखना है लिख दो. पर लिखो ज़रूर. और यार, ना लिखोगे तो कारण ऐसा लिखना जो मैं ऊपर पढ़ के सुना सकूँ."

योग्यच आहे. "मला वाटतं" हे कारण नव्हे.

१ फेब्रुवारी, रविवार

दिवस वाया. "हो" लिहून बघितलं, "नाही" लिहून बघितलं. दोन्ही माझ्या अक्षरात खोटं वाटतं. श्री म्हणतो, अट घालून सही कर. कोणती अट? नर्सने पेशंटशी बोलावं अशी?

संध्याकाळी हरप्रीतचा मेसेज. सकाळी सहा मुली बोलावल्यात, तिच्या ओळखीच्याही नाहीत, माझ्याही नाहीत. कॅमेरा या वेळी पेशंटच्या उशाकडून, नर्सच्या चेहऱ्यावर. तिचीच स्क्रीन आहे, तिला गरज नव्हती. "मुझे भी तो सोना है रात को, मॅम."

२ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

ठाकूरजी रजेवर, पुतणीचं लग्न. पेशंट कोण? मी पडले. मुलींना माझं नाव सांगितलं नाही. मशीन उशामागे, मला दिसत नव्हतं.

लोखंडी खाट, पातळ गादी, वर ट्यूबलाइट. इतकी वर्षं या यंत्रावर काम केलं, त्याच्या या बाजूला कधी आडवी झाले नव्हते. मागे कोणीतरी काहीतरी करतंय आणि आपल्याला काही कळत नाही. नुसता कपड्यांचा आवाज. खेळातली का असेना, पण थोडी भीती वाटली.

पहिली. टिक् टिक् ऐकू आली. एक शब्द बोलली नाही.

दुसरी. काहीच आवाज नाही, म्हणजे स्क्रीन. तीही गप्प.

तिसरी. टिक् टिक्, आणि अखंड बडबड. घर कुठलं, मुलं किती.

चौथी. टिक् नाही. मी छताकडे बघत होते. मग एकदम जवळून आवाज, "मॅम, ठंड लग रही है क्या? आपके पैर बाहर हैं." आणि तिने पांघरूण ओढून पायांवर घातलं. हात परत मशीनकडे गेला असणार. टिक् नाहीच.

इतकं बरं वाटलं. आणि त्याच वेळी मनात कुठेतरी, अरे, स्क्रीन असून ही का बोलली.

हे दुसरं वाटणं जसंच्या तसं लिहून ठेवते आहे.

रेकॉर्डिंग अजून बघितलेलं नाही. चौथीचे डोळे कुठे होते ते त्यात दिसेल, किंवा दिसणार नाही. फाइल टेबलावर, सहीची जागा कोरी. चार वाजायला वेळ आहे. हरप्रीत दारातून विचारतेय, "दो और बाकी हैं मॅम. लेटोगे?"

लेटते.