रपट्यावरची फांदी

उस्ताद, आज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी मी पळसाची एक फांदी तोडली. देवापुढे दिवा लावला, नेहमीप्रमाणे हात जोडले, आणि आंघोळीच्या ओल्या केसांनीच घरामागच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर गेलो. रात्रभर पाऊस पडून गेला होता. पळसाची पानं जड झाली होती आणि फांदी वाकवली तसं सगळं पाणी माझ्या बाहीत उतरलं. ती सायकलच्या हँडलला आडवी बांधली आणि यवतमाळच्या स्टँडकडे निघालो. वाटेत दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या. दूधवाला भेटला, तो म्हणाला, "काका, होळी लांब हाय अजून, फांदी कायले नेऊन राह्यले?" मी हसलो नाही. त्याचं हसणंही मग अर्ध्यावरच राहिलं, कारण या दिवसांत कोणी कोणाला फार विचारत नाही.

तीन दिवसांपासून पुन्हा बंद चालू आहे. वेगळं राज्य हवं म्हणणारे आहेत, नको म्हणणारे आहेत, आणि दोघांच्याही दगडाला मोटारीची काच सारखीच दिसते. कळंबच्या रस्त्यावर निंबाची झाडं आडवी पाडून टाकलेली आहेत. काल संध्याकाळी स्टँडवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : राळेगावच्या गाड्या उद्यापासून बाभुळगाववरून. एवढीच ओळ. ती मी दोनदा वाचली. बारा वर्षांपूर्वी हीच ओळ याच फळ्यावर होती, आणि पहिल्या गाडीपुढे माझं नाव होतं, दुसऱ्या गाडीपुढे तुमचं. या वेळीही पहिली गाडी माझीच होती.

तुम्ही मला गाडी शिकवली ती आधी पायांनी. दोन महिने तुम्ही मला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. दिग्रसच्या जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत गाडीभोवती चकरा मारायच्या, काठीने टायर वाजवायचे, खाली वाकून तेलाचा थेंब बघायचा. एकदा मी घाईत टायरला लाथ मारून पुढे गेलो, तेव्हा तुम्ही माझा कान धरून मला परत चाकापाशी नेलं होतं. "लाथ कायले मारतं बे? चाक का तुहा दुश्मन हाय? काठीनं वाजव आन् ऐक. रबर खोटं नाही बोलत, आदमी बोलतो." मग दुपारी तुम्ही मला घरी जेवायला नेलं. मी माळ घातलेला, मांसमच्छीला न शिवणारा. मी दारातच उभा राहिलो, तेव्हा चाचींनी आतून आवाज दिला, "आ जा बेटा, तेरा तवा अलग रक्खा है, कोरा है." त्या तव्यावरची ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी मी पुढे कितीदा खाल्ली याची गणतीच नाही. तुम्ही जेवताना मला चिडवायचे, "या माळकऱ्याचा ब्रेक देवाच्या हातात हाय, माया बिचाऱ्याचा नुसता पायात." चाची म्हणायच्या, "दोनों का एक जगह रहे तो अच्छा."

आणि ती फांदीची रीत. ती कुठल्या कागदावर नव्हती, आपल्या ड्रायव्हरांच्याच अंगात मुरलेली होती. रस्ता बदलला की पहिल्या गाडीने वाट पाहून द्यायची. ज्या नाल्यावर पूल नाही, नुसता दगडांचा बुटका रपटा आहे आणि पाणी त्याच्यावरून वाहतं, तिथे पहिल्या ड्रायव्हरने उतरून काठीने तळ चाचपायचा. एखादी बाजू खचलेली असली तर पळसाची फांदी तोडून अलीकडच्या काठावर ठेवायची, बुंध्यावर दगड आणि पानं खचलेल्या बाजूकडे. मागच्याने समजून घ्यायचं. दोन फांद्या एकमेकींवर आडव्या असल्या तर गाडी घालायचीच नाही. आणि तुमचं एक वाक्य होतं, ते मला नमाजाइतकं गंभीरपणे सांगितलेलं आठवतं : आपली गाडी पार झाल्याशिवाय एकेरी फांदी ठेवायची नाही. जो स्वतः पार झाला नाही त्याची खूण खोटी. म्हणून पार व्हायचं, मग पाण्यातून पायी परत यायचं, फांदी ठेवायची आणि पुन्हा पायी जायचं. "चाळीस पावलं जास्त चालशील," तुम्ही म्हणाले होते, "पण मांगच्याची जिंदगी तुह्या चाळीस पावलांवर हाय."

ते साल तुम्हाला आठवत असेल, म्हणजे तुमच्या बाजूला आठवण असेल तर. राज्यांच्या सीमा बदलणार, आपण कोणत्या राज्यात जाणार, यावर गावोगावी डोकी तापलेली होती. पोळा होऊन गेला होता आणि तरी पाऊस थांबत नव्हता. निम्मे ड्रायव्हर घरी बसले. उरलेल्या आपण चार-पाच जणांकडून मोटार कंपनीने सगळ्या फेऱ्या ओढून घेतल्या. काचेपुढे कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बांधलेली, तिच्यातून रस्ता चौकड्या-चौकड्यांचा दिसायचा. कोणता रस्ता मोकळा आहे हे निघताना कळायचं नाही, अर्ध्या वाटेत कोणी हात दाखवायचा आणि आपण वळायचो. त्या दिवशी तुम्ही सलग दुसरा दिवस गाडीवर होतात. सकाळी स्टँडवर तुम्ही नळाखाली डोकं धरलं होतं आणि मी म्हणालो, "उस्ताद, आज सुट्टी मांगा." तुम्ही टॉवेलने तोंड पुसत मॅनेजरच्या खोलीकडे बोट दाखवलं. "मांगली. तो म्हणते, झोप काय पळून चालली? जाय तू, वाट पाहून दे. मी तुह्या मांगं डोये झाकून येतो." ती थट्टा होती. तुमचे शेवटचे शब्द थट्टेचे होते, आणि तेच मला सगळ्यात जास्त छळतात.

बाभुळगाव मागे टाकलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. कच्च्या रस्त्यावर एक माणूस नाही, शेतात एक बैल नाही. कपाशीच्या तासांत पाणी साचलेलं आणि त्यात आभाळ काळं. रपट्याशी मी प्रवासी उतरवले, काठी घेऊन पाण्यात गेलो. पाणी घोट्याएवढंच होतं, पण डाव्या कडेचे दगड निघून गेले होते आणि खालची माती पोखरलेली. काठी आत गेली ती हातभर गेली. मी परत आलो, काठावरच्या पळसाची फांदी तोडून केबिनमध्ये टाकली, रिकामी गाडी उजव्या कडेला घासत पार नेली. प्रवासी मागून चालत आले. मग मी फांदी घेऊन खाली उतरणार, तेवढ्यात समोर, पुढच्या चढावर माणसं दिसली. दहा-बारा असतील, हातात काठ्या. एका प्रवाशाने ओरडा केला, "आले! आले!" कंडक्टर पत्रा बडवायला लागला. "चाला! कायची वाट पाहून राह्यले?" मी पुन्हा बसलो आणि गाडी दामटली. ती माणसं रस्त्याच्या कडेला सरकून आमच्याकडे नुसती पाहत राहिली. पुढे कळलं, ते हरवलेली गुरं शोधायला निघालेले गोवारी होते.

फांदी राळेगावपर्यंत माझ्या पायाशी होती. क्लच दाबताना पानं चपलेला लागत होती.

तुम्ही दुपारी तिथे आलात. पाणी चढलं होतं, तळ दिसत नव्हता. तुम्हीही प्रवासी उतरवले, म्हणून तुमच्याशिवाय कोणी गेलं नाही. काठावर फांदी नव्हती. पहिली गाडी माझी होती आणि फांदी नव्हती, म्हणजे रपटा धड आहे, असं तुम्ही समजलात. रबर खोटं बोलत नाही म्हणायचे ना तुम्ही. माझ्यावर तुम्ही त्याहून जास्त विश्वास ठेवला. डाव्या चाकाखालचे दगड सुटले आणि गाडी त्या अंगावर गेली.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं, स्वतः पाणी दिलं. "पहिली गाडी तुझी. तुम्हा लोकांची ती फांदीची रीत आहे म्हणे. ठेवली होतीस ना?" त्याच्या आवाजात मला हवं असलेलं उत्तर होतं. मी म्हणालो, "हो." एवढंच. त्याने ते लिहून घेतलं, वर आणखी एक ओळ घातली की दगडाखाली दाबलेली खूण पुढच्या ड्रायव्हरने पाहिली नाही, आणि मी सही केली. दोन दिवस झोप न देता माणसाला रस्त्यावर पाठवणारे त्या सहीने सुटले, आणि मीही सुटलो. अडकलात ते तुम्ही. त्यानंतर ड्रायव्हर लोकांत एक बोलणंच पडलं. कोणी गफलत केली की म्हणायचे, "उस्तादवानी फांदी ओलांडली काय बे?" ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याला गाडी शिकवली, त्याचं नाव चुकीला पडलं. मोटार कंपनी गेली, मालक बदलले, गाड्यांचे रंग बदलले, हे बोलणं मात्र राहिलं. तुम्हाला कधीच न पाहिलेली पोरंसोरंही ते बोलतात. बारा वर्षं मी ते ऐकलं, आणि एकदोनदा इतरांबरोबर हसलोसुद्धा.

संध्याकाळी देवापुढे बसलो की डोळे मिटल्यावर मला रपट्याचा अलीकडचा काठ दिसायचा, मोकळा. मी कळंबच्या चिंतामणीला पायऱ्या उतरून जायचो, त्या थंड गाभाऱ्यात बसायचो आणि माफी मागायचो. माफी मागून वर येताना प्रत्येक वेळी वाटायचं, ज्याचं घेतलं त्याला परत न करता मी तिसऱ्याच्याच दारात उभा आहे.

गेल्या आठवड्यात मी दिग्रसला गेलो. चाची आता फार थकल्या आहेत, नजर गेली आहे. चुलीपाशी बसलेल्या होत्या. मी पायरीवर बसून सगळं सांगितलं, की फांदी मी ठेवली नव्हती. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, "वो डाली लांघनेवाले नहीं थे, ये तो मैं पहले दिन से जानती थी. तू था, ये नहीं जानती थी." मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "मेरे कान में क्यों बोलता है? मैंने कब उनको गलत कहा? जिन्होंने कहा, उनके बीच जाके बोल." मी उठलो तेव्हा त्यांनी जेवून जा म्हटलं नाही. माझा तवा भिंतीला टांगलेला होता. अजून.

तर आज सकाळी मी ती फांदी स्टँडवरच्या टेबलावर ठेवली. सात-आठ ड्रायव्हर चहा पीत होते. त्यांच्यातला एक तरणा, जीभ तिखट, माझ्या मागच्या गाडीवर होता. तो म्हणाला, "काका तर घरूनच फांदी घेऊन आले! पण पाहून जाजा बरं, उस्तादवानी ओलांडू नका." सगळे हसले. मी म्हणालो, "उस्तादांनी ओलांडली नाही. फांदी नव्हतीच. ठेवायची मला होती, मी ठेवली नाही, आणि ठेवली म्हणून सही केली." एकाच्या हातातली बशी तशीच राहिली. कोणीतरी म्हणालं, "मग तवाच काहून नाही बोलले?" मी टेबलावरची फांदी सरळ केली. त्या तरण्या पोराने समजुतीच्या आवाजात विचारलं, "पण काका, अंगावर जमाव आलता म्हणतात ना त्या दिवशी? मंग तुमी तरी काय करान?"

उस्ताद, इथे मला थांबता आलं असतं. बारा वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आलो होतो. पण फांदी समोर होती. मी म्हणालो, "जमाव लांब होता. चढाच्या टोकाशी. चाळीस पावलं जाऊन यायला वेळ होता." मग चावी आणि फांदी उचलली आणि बाहेर पडलो.

रपटा पुन्हा बांधलेला आहे, पण पाणी तसंच फुगलेलं होतं. या वेळी उजवी कड ढासळली होती. मी पार झालो, फांदी घेऊन पाण्यातून परत आलो, बुंध्यावर दगड ठेवला, पानं उजवीकडे. माझ्या गुडघ्यांना आता ते पाणी ओढतं. संध्याकाळी तो पोरगा स्टँडवर भेटला. माझ्याकडे न पाहता टायरला काठी मारत म्हणाला, "फांदी दिसली. थांबलो, मंग डाव्यानं काढली." एवढंच. आदराने म्हणाला की रागाने, कळलं नाही.

फळ्यावर उद्याचीही तीच ओळ आहे आणि आभाळ उतरलेलं आहे. हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. तुम्ही दिलेली टायर वाजवायची काठी दाराआड आहे, तिच्याच जवळ ठेवून देतो. फांदी ठेवायला वेळ होता, हे मी चाचींना सांगितलं नव्हतं. पण ज्यांच्यामध्ये बोलायला त्यांनी सांगितलं होतं, त्यांच्यामध्ये आज ते बोललो.