शिरढोणच्या तांबडीचं नाव

आये, काल मी गाडीत बसून कोंबड्या बघायला गेले. हस तू. अख्खं लहानपण खुराडं झाडण्यात गेलं आणि आता म्हातारपणी नवी साडी नेसून, नातीचा हात धरून, शिरढोणच्या पुढे कोंबड्या बघायला. पण मजा अजून अंगातून उतरली नाही, म्हणून सकाळची भांडी तशीच टाकून लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता फारसं येत नाही, तेव्हा आपलं जमेल.

सुनेच्या ऑफिसातल्या एका बाईंची जागा आहे ती. नवरा-बायको पनवेलात राहतात आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन मातीत हात घालतात. हौस म्हणून. दोडक्याचा मांडव आहे, वांगी आहेत, कुंपणाला अबोली, मधे एक डबकं आणि त्यात बदकं. एक गाय, दोन शेळ्या, ससे. आणि आये, कुणीही कामाचं नाही. मी गायीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "दूध किती देते?" तर बाई म्हणाल्या, "आजी, ती आता रिटायर झाली." शेळीही तशीच, नुसती लाडाची. माझ्या मांडीवर डोकं ठेवून उभी राहिली आणि मी तिचे कान चोळतेय तोवर माझा अर्धा गजरा खाऊन मोकळी. आपल्याकडे जनावराशी कधी अशी नुसती बसले होते का गो मी? कायम हातात शेणाची पाटी नाहीतर दोर. आता करंजाड्याला सहाव्या मजल्यावर राहते, तिथे कबूतर आलं तरी सून जाळी लावते. म्हणून काल मला काय करू नि काय नको असं झालेलं. नात पहिलीत आहे, ती माझ्याहून शहाण्यासारखी वागत होती.

आणि मग दुपारी माझी जीभ घसरली. बाई काखेत एक जाडजूड तांबडी कोंबडी घेऊन आल्या. आता तूच सांग, घरात पाहुणा बसलाय आणि घरची बाई काखेत कोंबडी घेऊन येते, याचा अर्थ आपल्या गावात काय होतो? मी आपली रीतीनं म्हणाले, "कशाला हो बाई एवढा त्रास, आणि करायचीच तर ही नको, जून दिसते, शिजायला दुपार जाईल. तो पांढरा कोंबडा बरा." बाई जागच्या जागी उभ्या. त्यांनी ती नातीच्या मांडीवर द्यायला आणली होती. बाईंचे मिस्टर हसत म्हणाले, "आजी, तो कोंबडा फार म्हातारा आहे, तुमचे दात जातील." मी म्हटलं, "ते कधीच गेले." सगळे हसले. नात नाही हसली. "आजी, तू हिला खाणार होतीस?" एवढंच म्हणाली आणि डबक्यापलीकडे जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली. सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही पण ना." माझ्या कुशीत झोपणारी पोर ती, ती आता मला घाबरली की काय?

मी गेले आणि तिच्या शेजारी गवतात बसले. तिला तुझंच सांगितलं. तू म्हणायचीस, "कोंबडीला नाव नाय ठेवायचं गो, मंग घास उतरत नाय." आणि मी त्या ठिपक्यांच्या कोंबडीला गुपचूप नाव ठेवलेलं. मामा उरणच्या मिठागरावरून खांद्यावर मिठाची पिशवी घेऊन यायचा आणि लांब बांधावरूनच तुला हाक मारायचा, तुझ्या माहेरच्या नावाने. दुसरं कोण घ्यायचं ते नाव? बाबा "अगं ए" म्हणायचे, आजी "सूनबाई", गाव "पोरांची आई". ती हाक आली की तू ओल्या हातांनी धावायचीस, आणि त्या दिवशी एक कोंबडी जायची. एकदा मामा आला तेव्हा मी खुराड्याच्या दारात आडवी उभी राहिले. तू मला बाजूला केलंस, दुसरीच एक काळी धरलीस. वाढताना मात्र म्हणालीस, "तुझी हाय खुराड्यात. जेव आता." म्हणजे तुला माहीत होतं. कसं, ते कधी विचारलंच नाही मी.

पोरीने सगळं ऐकलं. मग मान वळवून बाईंच्या काखेतल्या तांबडीकडे बोट दाखवत विचारलं, "हिचं नाव काय?" बाई म्हणाल्या, "ही गेल्या आठवड्यातच गावातून आणली, अजून ठेवलं नाही." झालं. पोर उठली, तांबडी माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाली, "आजी, तू ठेव. पटकन. नाव ठेवलं की तुला खाता येणार नाही."

आये, माझ्या तोंडातून तुझं माहेरचं नाव निघालं. मामा गेल्यापासून ते मी ऐकलं नव्हतं. पोरीने ते आधी हळू म्हणून बघितलं, मग अंगणभर पळत ओरडून, अगदी बांधावरून मामा ओरडायचा तसं. कोंबडीने ढुंकून बघितलं नाही. मीच वळले. निघताना पोर परत माझ्या हाताला येऊन चिकटली. बाईंनी खुराड्याच्या दारावर खडूने नाव लिहिलं. तिथला माळी म्हणाला, रोज तिन्हीसांजेला तो एकेकीला नावाने हाक मारून आत घेतो. म्हणजे आता तुलाही घेणार.

पुढच्या रविवारी परत जायचंय. पोरीचा हट्ट आहे असं मी सांगते, पण हट्ट माझा आहे. गाडीत सुनेने विचारलं, "आई, एवढं जुनं नाव कुठून सुचलं?" मी म्हटलं, "टीव्हीत ऐकलं." हा कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवते, पोर आता अक्षर लावून वाचायला लागलीय. कधीतरी सांगेनच तिला. पण ती घरभर ओरडत तुझं नाव घेते आणि ते कुणाचं हे एकट्या मलाच कळतं, ते मला अजून थोडे दिवस हवंय.